दारव्ह्याचा उन्हाळी बास्केटबॉल वर्ग
यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा येथील या वर्गाचे खरे बळ प्रशिक्षकांनी निवडलेल्या उदाहरणांत आहे. कमी उंचीच्या मुलांना ते फिलिपिन्सच्या जिमी अलापाग यांचे सामने दाखवतात. जेमतेम पावणेसहा फूट उंचीचे हे पॉइंट गार्ड, म्हणजे संघाच्या चढाईची आखणी करणारे खेळाडू, २०१०-११ च्या हंगामात तेथील व्यावसायिक लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, २०१४ च्या विश्वचषकात सेनेगलला हरवणाऱ्या संघात होते आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॉकटन किंग्ज संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. हे पाहून चेंडू हाती येण्यापूर्वीच सहकाऱ्यांच्या जागा हेरण्याची सवय मुलांना लागते, आणि मला हेच शिक्षण सर्वांत मोलाचे वाटते. मैदान मुरमाचे असल्याने ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे, मात्र कच्चे राहते. सिमेंटचे अर्धे कोर्ट तरी व्हायलाच हवे. उन्हामुळे वर्ग पहाटे भरतो, ते योग्यच आहे.