मॅकहीथ की पायरेट किंग? डोल्टनच्या ऑपेरा-मूर्ती निवडताना

रॉयल डोल्टन या इंग्लिश चिनीमाती कंपनीच्या कॉमिक ऑपेरातल्या मूर्ती जमवायच्या म्हटलं की दोन वाटा समोर येतात. लेस्ली हॅराडीनने १९२०च्या दशकात घडवलेली ‘द बेगर्स ऑपेरा’मधली मंडळी, म्हणजे कॅप्टन मॅकहीथ, पॉली पीचम, लूसी लॉकेट. किंवा विल्यम हार्परने १९८०च्या सुमारास केलेली गिल्बर्ट-सलिव्हन या जोडीच्या ऑपेरांतली सहा पात्रं, एचएन २८९८ ते २९०३ (हे डोल्टनचे मूर्ती-क्रमांक); पायरेट किंग त्यातलाच.

नजर खिळते ती हॅराडीनवरच. लंडनच्या लिरिक थिएटरात १९२० साली सुरू झालेल्या ‘द बेगर्स ऑपेरा’च्या प्रयोगांनी १,४६३चा आकडा गाठला, आणि वेशभूषाकार लोव्हट फ्रेझरच्या तिथल्या पोशाखांचा थाट या सहा-सात इंची मूर्तींत उतरला आहे. हार्परच्या मूर्ती त्यापुढे थोड्या ताठ वाटतात, हे मान्य.

पण जुन्या मूर्तींत एक गोष्ट सतत छळते: लपवलेली डागडुजी. बोटं, मान, टोपीची कड, झग्याची किनार इथे टवका उडालेला असतो. तो भरून वर स्प्रेने रंग मारलेला असतो आणि फोटोत काहीच कळत नाही. काही वर्षांनी तो रंग पिवळा पडतो, तेव्हा कळतं. घेण्याआधी मूर्ती हातात घ्या. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. नंतर दिलेला रंग बहुधा झिलईपेक्षा वेगळा चमकतो. मात्र काही नवे रंग यालाही चकवतात. म्हणून संशयाच्या जागी दात हलकेच टेकवून पाहा: झिलई थंड आणि काचेसारखी कडक लागते, रंग मऊ लागतो. ॲसिटोन लावून मात्र पाहू नका, चांगली केलेली दुरुस्तीही उतरून येते. धुताना गरम पाणी नको, जुना सांधा सुटतो.

वयाचा अंदाज सोपा आहे. जुन्या मूर्तीच्या तळावर सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी बारीक आकडा असेल तर त्यात १९२७ मिळवा. १० म्हणजे १९३७. एकच नमुना वर्षानुवर्षं निघत राहिला, त्यामुळे ‘१९२०च्या दशकातला मॅकहीथ’ म्हणून १९४०च्या दशकातला गळ्यात पडू शकतो.

हार्परच्या मूर्तींतही मोडतोड होते, पण त्या तुलनेने अलीकडच्या, त्यामुळे धड नग शोधणं मला बरंच सोपं वाटतं. शिवाय संच सहाचाच, म्हणजे पुरा होणारा. अडचण उंचीची. बहुतेक मूर्ती ११ इंचांच्या आसपास, तेव्हा कपाटाच्या दोन फळ्यांत किमान १३ इंच अंतर हवं. तळाच्या शिक्क्यावर आडवा ओरखडा किंवा कोरलेला ठिपका दिसला तर तो कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला नग. पहिल्या प्रतीचा भाव देऊ नका.

मॅकहीथवरच जीव जडला असेल तर घ्या, पण टॉर्च लावूनच. नाही तर हार्परच्या एल्सी मेनार्ड आणि कर्नल फेअरफॅक्सपासून सुरुवात करा. दोघंही गिल्बर्ट-सलिव्हनच्या ‘द योमेन ऑफ द गार्ड’मधली, शेजारी ठेवली की जोडी जमते.