फिलॉसॉफी ऑलिंपियाडचा आमचा अनुभव, अकरावी-बारावीच्या पोरांच्या आईवडिलांनी नक्की वाचा

आम्ही जर्मनीत ड्युसेलडॉर्फला राहतो, मुलगी सतरा वर्षांची आहे. मॅथ्स ऑलिंपियाड, फिजिक्स ऑलिंपियाड सगळ्यांना माहिती असतं पण तत्त्वज्ञानाचं पण इंटरनॅशनल ऑलिंपियाड असतं हे मला स्वतःला दीड वर्षापूर्वीपर्यंत माहिती नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी आम्ही तिथे पोचलो कसे ते सांगते. आमच्या राज्यात शाळेत धर्माचा तास असतो, कॅथलिक पोरांचा वेगळा, प्रोटेस्टंट पोरांचा वेगळा. जी पोरं त्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी प्राक्टिशं फिलोझोफी, म्हणजे व्यावहारिक तत्त्वज्ञान, नावाचा विषय असतो. आमची हिंदू घरातली पोर, त्यामुळे ती आपोआप तिकडे गेली. मला तेव्हा वाटलं होतं टाइमपास तास असणार. पण तिथे बारा-तेरा वर्षांच्या पोरांना विचारतात की मित्राने चोरी केली आणि फक्त तुलाच माहिती आहे, तर तू काय करशील आणि का, आणि त्या "का"वर अख्खा तास जातो. मी स्वतः अकरावी आर्ट्सला तर्कशास्त्र घेतलं होतं, सगळी माणसे मर्त्य आहेत वगैरे तोंडपाठ करून चांगले मार्क पाडले होते, पण मला कोणी कधी "तुला काय वाटतं" असं विचारल्याचं आठवत नाही.

तर स्पर्धा. १९९३ साली बल्गेरियातल्या स्मोल्यान गावात सुरू झाली, सोफिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सुरू केली, आता चाळीसच्या वर देशांतली पोरं येतात आणि जगभरातल्या तत्त्वज्ञानाच्या संस्थांचा जो महासंघ आहे त्याच्या छत्राखाली चालते. दर वर्षी वेगळा देश, २०२३ ला ग्रीसमध्ये ऑलिंपियाला झाली, २०२४ ला हेलसिंकी, २०२५ ला इटलीत बारी. प्रत्येक देशाची दोनच पोरं, फक्त यजमान देशाला दहापर्यंत पाठवता येतात. पेपर एकच, चार तासांचा. चार विषय देतात, बहुतेक वेळा तत्त्ववेत्त्यांचे छोटे उतारे असतात, त्यातला एक निवडायचा आणि निबंध लिहायचा. आणि तो स्वतःच्या भाषेत नाही! इंग्लिश, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यातली जी आपली नाही ती घ्यायची. डिक्शनरी चालते, नेट नाही.

मला यातलं सगळ्यात आवडलं ते तपासणं. पाच गोष्टी बघतात: विषयाला धरून लिहिलंय का, तो विषय तत्त्वज्ञानाच्या अंगाने कळलाय का, युक्तिवाद पटतो का, लिखाणात सुसंगती आहे का, आणि स्वतःचं काही आहे का. किती पुस्तकं वाचली, किती नावं घेतली हे त्या यादीत नाहीच. निबंधावर नाव नसतं, वेगवेगळ्या देशांचे शिक्षक वाचतात आणि दहापैकी मार्क देतात.

ही "स्वतःचं काही" भानगड आम्हाला खूप जड गेली, खरं सांगते. जर्मनीत आधी घरी बसून एक निबंध पाठवायचा असतो, तो जर्मनमध्ये, मग त्यातली मोजकी पोरं म्युन्स्टरला हिवाळ्यात काही दिवस एकत्र बोलावतात आणि तिथे परत चार तासांचा निबंध, या वेळी परक्या भाषेत, आणि त्यातून दोघं पुढे. मुलीने सरावाला विषय घेतला खोटं बोलणं. जर्मन तत्त्ववेत्ता कांटचं म्हणणं आहे की खोटं कधीच बोलू नये, अगदी खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र आत आहे का विचारत असला तरी नाही. तिने तीन पानं कांट लिहिला, एकदम नीट, मला तर वाचून अभिमानच वाटला. तिच्या बाईंनी परत दिला तेव्हा मार्जिनमध्ये पेन्सिलने दोनच शब्द होते, उंड डू? म्हणजे आणि तू?

पोर दोन दिवस गप्प होती. मग तिने आजीचं लिहिलं. माझी आई सांगलीला असते, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ठरलेला, जेवलीस का गं, आणि ही जेवलेली नसली तरी हो म्हणते. तिने लिहिलं की आजीला माझ्या जेवणाची माहिती नकोच असते, तिला एवढंच कळायला हवं असतं की मी बरी आहे, मग माझं "हो" हे नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? आणि तिथून पुढे तिने स्वतःलाच अडवलं, की असं म्हटलं तर कुठलंही खोटं असंच खपवता येईल, मग सीमा कुठे? शेवटी ती जवळजवळ कांटच्या बाजूला गेली पण स्वतःच्या पायांनी चालत गेली. मी ते ओट्याजवळ उभ्या उभ्या वाचलं आणि त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा मुलीने सांगितलं, नाही आजी, अजून नाही जेवले, पण जेवेन. आई अर्धा तास ओरडली.

तक्रारी पण सांगते. शाळेने आम्हाला काहीच कळवलं नव्हतं, पत्रक ऑफिसात पडून होतं म्हणे, मुलीला दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून शेवटच्या आठवड्यात कळलं. तुमच्या शाळेने सांगायची वाट बघू नका, स्वतः जाऊन विचारा. दुसरं म्हणजे भाषेचा नियम. कोणालाच मायबोली नाही म्हणजे सगळे सारखे, हे वरवर बरोबर आहे आणि भाषेच्या चुका त्या पाच गोष्टींत धरलेल्या नाहीत हेही खरं. पण आमच्या घरी मराठी, शाळेत जर्मन, आणि इंग्लिश ही तिसरी भाषा. ज्या पोरांच्या घरात लहानपणापासून इंग्लिश पुस्तकं आहेत त्यांचा हात जसा चालतो तसा हिचा नाही चालत, बारीक फरक दाखवायला शब्द लागतात आणि चार तासांत डिक्शनरी किती वेळा उघडणार. याला उपाय काय असावा मला नाही सुचत, मराठीत लिहिलं तर तपासणार कोण, पण त्रास होतो हे खरं आहे.

मुलगी म्युन्स्टरपर्यंत गेली, पुढच्या दोघांत नाही आली. रडली. पण परत आल्यावर तीन दिवस फक्त तिथल्या पोरांबद्दल बोलत होती, रात्री उशिरापर्यंत जागून भांडत होते म्हणे की झाडाला हक्क असतात का.

तयारीसाठी आम्ही क्लास वगैरे काही लावला नाही. मागच्या वर्षांचे विषय नेटवर मिळतात, ते काढून ठेवलेत. रविवारी सकाळी वायफाय बंद, जुना लॅपटॉप, कागदी डिक्शनरी, स्वयंपाकघरातलं घड्याळ टेबलावर. पहिला पाऊण तास काही लिहायचं नाही, फक्त उताऱ्यातला कुठला शब्द दोन अर्थांनी वापरता येतो ते शोधायचं, हे बाईंनी सांगितलेलं आणि याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. महाराष्ट्रात ज्यांच्या पोरांनी बारावीला तत्त्वज्ञान किंवा तर्कशास्त्र घेतलंय त्यांनी स्पर्धेत जायचं नसलं तरी एवढं घरी करून बघा, मराठीत करा, काही बिघडत नाही.

शाळेचं अजून एक वर्ष आहे, त्यामुळे ती परत बसतेय. या वेळी मैत्रीण पण येते रविवारी, दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसतात आणि मी चार तास कुकर लावत नाही.