तळणीचे वापरलेले तेल नेणारी सेवा : फोंड्यातील एका खानावळीचा अभिप्राय

आमच्या खानावळीत दुपारी रवा लावलेली मासळी आणि संध्याकाळी मिरची भजी, बटाटवडे असे दोन वेळचे तळण असते. त्यातून उरणारे तेल आम्ही बायोडिझेलसाठी, म्हणजे तेलापासून केल्या जाणाऱ्या डिझेलसारख्या इंधनासाठी, तेल गोळा करणाऱ्या एका सेवेला देतो. ही सेवा घ्यावी का, असे फोंडा-म्हापशाकडचे खानावळवाले आणि गाडेवाले विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वजनाच्या बाबतीत या सेवेला नाव ठेवायला जागा नाही. आलेला माणूस आधी रिकामा कॅन तोलतो, मग भरलेला तोलतो आणि काट्यावरचा आकडा आपल्याला दाखवूनच पावतीवर लिहितो. तेल किलोवर घेतले जाते आणि आपण हिशेब लिटरचा धरतो. 15 लिटरच्या डब्यात जेमतेम पावणेचौदा किलो तेल भरते, हे आधी ठाऊक असले म्हणजे वाद होत नाही. तळाशी बसलेला जळका रवा तो घेत नाही आणि तेलात पाणी दिसले तर वजनात कपात करतो. ही कपात रास्त आहे, कारण कारखान्यात तेलात मिथेनॉल आणि अल्कली मिसळून ग्लिसरीन वेगळे काढतात, आणि तेलात पाणी किंवा तेल खराब झाल्याने सुटणारी मुक्त आम्ले जास्त असली की तिथे साबण तयार होऊन माल वाया जातो. म्हणून तेल कोमट असतानाच फडक्यातून गाळावे आणि पावसाळ्यात कॅन पडवीत न ठेवता आत घ्यावा.

पावतीचे महत्त्व पैशांपेक्षा अधिक आहे. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमानुसार 1 जुलै 2018 पासून पोलर घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात वाढणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेलेले तेल तळणीत वापरता येत नाही, आणि दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणीसाठी लागणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचे आहे. आमच्यासारख्या लहान खानावळींनाही ही शिस्त पाळता येते. पावती न देता चार रुपये जास्त देणारे लोकही दारात येतात. ते तेल पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाण्याची शक्यता असते, तेव्हा त्यांना ते मुळीच देऊ नये.

माझी तक्रार भाव आणि फेऱ्या यांबद्दल आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तळण घटते, तेव्हा गाडी उशिरा आली तर समजू शकते. पण ऐन पर्यटनाच्या हंगामातही, भाव उतरला की फेऱ्या लांबतात, आणि उतरलेला भाव कॅन दारात मांडल्यावरच कळतो. विचारले तर पुढच्या कारखान्याने दर कमी केला, असे उत्तर मिळते.

हे उत्तर मला खोटे वाटत नाही, कारण हा सगळा धंदा सरकारी सवलतींच्या मुदतीवर उभा आहे. अमेरिकेत बायोडिझेलला गॅलनमागे एक डॉलरची करसवलत 2005 पासून सुरू झाली, पण वापरलेल्या तेलापासून केलेल्या इंधनाला आरंभी निम्मीच, 50 सेंट, मिळत होती; ती 2009 पासून बरोबरीला आली. ती सवलत 2009, 2011, 2013, 2014, 2016 आणि 2017 या वर्षांच्या अखेरीस संपली आणि प्रत्येक वेळी पुढे केव्हातरी मागील तारखेपासून लागू केली गेली. आयोवाचे सिनेटर चक ग्रासली यांच्यासारखे शेतीप्रधान राज्यांचे प्रतिनिधी मुदतवाढीसाठी झगडत राहिले. विकून झालेल्या इंधनावर मागाहून पैसे दिल्याने नवे इंधन कसे वाढणार, असा विरोधकांचा प्रश्न होता. तो प्रश्न मला अगदी योग्य वाटतो, पण त्याचे उत्तर सवलत बंद करणे हे नसून ती वेळेवर आणि लांब मुदतीची देणे हे आहे. तिच्या जागी आलेली नवी सवलत 2025 च्या कायद्याने 2029 अखेरपर्यंत वाढवली, मात्र 2026 पासून ती उत्तर अमेरिकेतील कच्च्या मालापुरतीच ठेवली. म्हणजे आशियातून तिकडे जाणाऱ्या वापरलेल्या तेलाला ते दार बंद झाले.

आपल्याकडेही चित्र फार वेगळे नाही. 2019 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला 51 रुपये, पुढे 52.70 आणि तिसऱ्या वर्षी 54.50 असा भाव आधीच जाहीर केला होता, आणि तीच पद्धत बरोबर होती. डिझेलमध्ये मिसळण्यासाठी या कंपन्यांना दिलेल्या बायोडिझेलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय सप्टेंबर 2021 मध्ये झाला. मात्र जैवइंधन न मिसळलेल्या इंधनावर लिटरला दोन रुपये जादा उत्पादन शुल्काची 2022 च्या अर्थसंकल्पातील घोषणा डिझेलच्या बाबतीत पुढे पुढे ढकलली गेली. 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय धोरणात आहे, तर कारखान्याला पाच वर्षांचा हिशेब मांडता आला पाहिजे. जीएसटी परिषदेत गोव्यालाही मत आहे. इतकी उपाहारगृहे असलेल्या राज्याने तिथे हा विषय लावून धरायला हवा.

सेवा घ्यावी, असेच मी सांगेन. फक्त फेरीचा वार आणि निदान तीन महिन्यांचा भाव लेखी मागून घ्यावा. आम्ही तसे पत्र दिले आहे; वार ठरवून मिळाला आहे, भावाबद्दल बोलणे चालू आहे.