नर्स टिकवायच्या तर पैसा कुठे घालावा: पगारात, खोलीत की ड्युटी चार्टमध्ये?

गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जिल्हा रुग्णालयात जागा निघाल्या की फोंडा-म्हापशाच्या २५-३० खाटांच्या नर्सिंग होममधला निम्मा स्टाफ अर्ज भरतो. सरकारी पगाराशी बरोबरी करण्याच्या फंदात पडूच नका. ती लढाई तुमची नाही.

पगार मात्र एका पातळीखाली नको. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने २०१६ मध्ये ५० खाटांखालच्या खासगी रुग्णालयांसाठीही नर्सला किमान २०,००० रुपये सुचवले होते. इतक्या वर्षांनी त्याहून कमी देत असाल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. त्यावर १५ जणींना तीन-तीन हजार वाढवले, तर महिन्याला ४५,००० गेले. शेजारच्याने चार हजार वाढवले की तुम्ही होता तिथेच.

खोली बाहेरून आलेल्या अविवाहित मुलींना उपयोगी. किनारपट्टीत भाडं इतकं आहे की फुकट खोली म्हणजे पगारवाढच. पण अनुभवाचा दाखला हाती आला की आखातात किंवा इंग्लंडला जाणारी जातेच. खोली तिला थांबवत नाही.

माझं मत चार्टच्या बाजूने. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. बांद्याहून किंवा सत्तरीतून येणाऱ्या विवाहित नर्सची ड्युटी रात्री आठला संपते, पुढच्या पाळीला रुग्ण सोपवून हँडओव्हर करेपर्यंत साडेआठ होतात, तोवर शेवटची बस गेलेली. 'आज रिलीव्हर (पुढच्या पाळीची नर्स) आली नाही, डबल कर' हे महिन्यातून तिसऱ्यांदा ऐकलं की ती दोन हजार कमी घेऊनही घराजवळच्या क्लिनिकमध्ये जाते. महिन्याचा चार्ट आधी लावा, नाईटनंतरचा ऑफ मोडू नका, उशिराच्या ड्युटीला व्हॅन ठेवा. चतुर्थीची रजा तर आळीपाळीनेच: यंदा जिला पहिले दोन दिवस मिळाले तिला पुढल्या वर्षी नाहीत, आणि हे भिंतीवर लिहिलेलं हवं. इन्चार्ज सिस्टरच्या मर्जीवर सोडलंत तर भांडणं ठरलेली. (नाताळलाही हाच नियम.)

एजन्सीच्या नर्स अडीनडीला ठीक. नर्स सोडून जाऊ नये म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून ठेवणं मात्र सोडाच. गावभर बोभाटा होतो आणि नवीन कोणी येत नाही.

हात आखडता असेल तर आधी ऑपरेशन थिएटर आणि लेबर रूमच्या जुन्या सिस्टर सांभाळा. त्यांना तिन्ही द्या.