पंचवीस मिनिटं की सलग दोन तास?

भाची सीए इंटरला बसतेय. परवा विचारत होती, "मामा, गजर लावून तुकड्यातुकड्यांनी अभ्यास करू, की एकदाच ठाण मांडून बसू?" मी दोन्ही करून पाहिलंय.

तुकड्यांची पद्धत म्हणजे पोमोडोरो: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. इटलीच्या फ्रान्सेस्को सिरिलोने १९८०च्या दशकात टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर वापरून ती सुरू केली.

सुरुवात करायला हीच सोपी. नकोशा विषयालाही मन "पंचवीसच मिनिटं ना" म्हणत तयार होतं. सलग बैठकीत पहिला थोडा वेळ जडच जातो. पण ताळेबंद जुळत नसतो, चूक सापडत आलेली असते आणि नेमका गजर वाजतो. परत आल्यावर सगळ्या आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवायचं. तिथे सलग बैठकच हवी, आणि तिला घरच्यांची साथ लागते.

खर्च जवळजवळ नाहीच. फक्त गजर फोनवर नको. बंद करायला हात गेला की व्हॉट्सअ‍ॅप उघडतंच.

कायद्याची कलमं, उजळणी, टाळत आलेला विषय यांना पंचवीस मिनिटं. मोठी गणितं आणि सराव पेपर सलग; परीक्षेतही तीन तास बसायचंच आहे.