दशांश अपूर्णांक कळले का? चाचणी की तोंडी प्रश्न

दशांश अपूर्णांक शिकवून झाले. आता समज बहुपर्यायी चाचणीने तपासावी की तोंडी विचारून, असं एका शिक्षिकेने विचारलं.

वेळेत चाचणी सरस, अख्खा वर्ग एका तासात उरकतो.

समज किती खोल आहे, याबाबत मात्र तसं नाही. ०.४ मोठी की ०.३५? ‘३५ मोठे म्हणून ०.३५’ हा घोळ चाचणीत लगेच दिसतो. पण ‘जास्त अंक म्हणजे लहान संख्या’ असं मानणारं मूलही ०.४ वरच खूण करतं आणि पूर्ण गुण मिळवतं! (जोडीला ०.४ आणि ०.४५ द्या, तिथे ते चुकेल.) तोंडी नुसतं ‘कशावरून?’ विचारलं तरी हा गैरसमज बाहेर येतो. फक्त बुजऱ्या मुलांना वेळ द्यावा लागतो.

वर्गाचा अंदाज हवा असेल तर चाचणी घ्या. पुन्हा काय शिकवायचं ते ठरवायचं असेल, तर चार-पाच मुलांशी बोलाच.