घरच्यांना दाखवायचा संगीतपट: ‘कट्यार’ की ‘नटरंग’?

दिवाळीत पोरं गावी येतात, धानाची कापणी उरकत आलेली असते, मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होतात. अशात कुणीतरी म्हणतंच, “एखादा चांगला पिच्चर लावा न बाप्पा!” आपल्याला जिवापाड आवडणारा संगीतपट घरच्यांना दाखवायची याहून चांगली वेळ नाही. माझा जीव ‘कट्यार काळजात घुसली’वर आहे. पण आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी-वडसा भागात, मित्रमंडळी जमली की ‘नटरंग’चीही तितकीच मागणी होते. कुणाला कोणता दाखवावा, याबद्दल माझं मत मांडतो.

‘कट्यार’ मुळात आपल्या विदर्भाचा आहे, हे घरच्यांना आधी जरूर सांगा. १९६७ साली रंगमंचावर आलेलं मूळ नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. त्यातली खाँसाहेब या गवयाची भूमिका गाजवणारे वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे. २०१५च्या चित्रपटात खाँसाहेबांची भूमिका सचिन पिळगावकरांनी केली असली, तरी त्यांचा गाता गळा आहे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. एवढं कळलं तरी घरातली जुनी माणसं सरसावून बसतात.

माणसं बोलता बोलता गायला कशी लागतात, हा प्रश्न झाडीपट्टीत कुणी विचारत नाही. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत बघणारे, पद रंगलं की वन्समोअर घेणारे लोक आहेत हे. शिवाय ‘कट्यार’मध्ये गाणं हीच घटना आहे. दोन गायकांची ईर्ष्या, गुरूकडून विद्या मिळवायची धडपड, हे सगळं गाण्यातूनच पुढे सरकतं. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या रीतीने ऐकायला मिळतं. एक शांत, उलगडत जाणारं, दुसरं तानांनी उसळणारं. घरात रागदारी कळणारा एकही माणूस नसला तरी हा फरक सगळ्यांना ऐकू येतो. चित्रपट संपल्यावर विचारा, तुम्हाला कोणतं आवडलं? आमच्याकडे यावर भजनी मंडळातल्या दोघा काकांचं चांगलंच जुंपलं होतं, आणि मला त्या रात्रीचा तोच भाग सर्वांत आवडला.

खाँसाहेबांच्या तोंडचं उर्दूमिश्रित हिंदी इथे आड येत नाही, आपल्या कानांना हिंदीची सवय आहे. ‘यार इलाही’ कव्वालीला तर पोरंही डोलतात. आड येते ती लांबी. अडीच तासांहून मोठा चित्रपट आहे, आणि उत्तरार्धात दुःख दाटत जातं. लहानगी तोवर झोपलेली असतात.

‘नटरंग’ची गोष्ट वेगळी. २०१०च्या पहिल्याच दिवशी आलेला हा चित्रपट जेमतेम दोन तासांचा आणि वेगवान आहे. अजय-अतुलचं संगीत वरातीत, गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांनी ऐकलेलं. ‘अप्सरा आली’ लागताच मित्र सोबत गाऊ लागतात. ‘कट्यार’मध्ये हळूहळू शिरावं लागतं, ‘नटरंग’ पहिल्या काही मिनिटांतच धरून ठेवतो.

पण माझ्या मते त्याचं खरं मोल लावणीत नाही. गुणा हा मजुरी करणारा, तालमीत रमणारा गडी. तमाशाचा फड उभा करतो, नाच्या (फडात बायकी सोंग करणारा पुरुष) मिळत नाही म्हणून स्वतःच नाच्या होतो, आणि मग घर, गाव, सगळं त्याच्यावर उलटतं. तमाशा पश्चिम महाराष्ट्रातला असला तरी दंडार, खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्यांत बाईचं सोंग घेणारे पुरुष आपण पाहिलेले आहेत. अशा एखाद्या कलावंताला गाव मागे काय बोलायचं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. अतुल कुलकर्णीचा अभिनय पाहून ते आपणहून बोलायला लागतात. ते बोलू लागले की चित्रपट थांबवा, ऐका, मग पुढे चालू करा.

एक मात्र आधीच सांगतो. उत्तरार्धात गुणावर होणारा अत्याचार फार अंगावर येतो. लेकरांसोबत हा चित्रपट लावू नका. लावण्यांची करमणूक म्हणून बोलावलेल्या पाहुण्यांनाही आधी कल्पना द्या.

म्हणून माझा कौल असा: आजी-आजोबा, काका-काकू, सुना-लेकी असं भरलं घर असेल तर ‘कट्यार’. घरात कुणी पेटी वाजवत असेल, भजनाला जात असेल, तर दुसरा विचारही करू नका. बरोबरीचे मित्र असतील, त्यातले काही ‘शास्त्रीय’ म्हटलं की उठून जाणारे असतील, तर ‘नटरंग’.

फक्त वारकरी नि भजनी म्हातारी मंडळी असतील तर दोन्ही बाजूला ठेवून प्रभातचा १९३६चा ‘संत तुकाराम’ लावा. आवाज जुना आहे, पण विष्णुपंत पागनीसांचे अभंग सुरू झाले की टाळ आपोआप बाहेर येतात. पोरांसाठी बरेच जण ‘द साउंड ऑफ म्युझिक’ सुचवतात. सुंदरच आहे तो, पण इंग्रजी आणि जवळपास तीन तासांचा. त्यापेक्षा बऱ्यापैकी तशाच कथेचा १९७२चा हिंदी ‘परिचय’ घ्या, त्यातलं सा-रे-ग-म चं गाणं पोरं लगेच उचलतात.

यातलं काहीही मोबाईलवर दाखवू नका. ‘कट्यार’मधला तानपुरा त्यात हरवतोच, ढोलकीचाही नुसता खडखडाट होतो. अंगणात प्रोजेक्टर लावलात तरी त्याचा स्वतःचा आवाज पुरत नाही, भजनी मंडळाचा स्पीकर मागून आणा आणि लोक यायच्या आधी जोडून बघा. आणि तुम्हाला कितीही पाठ असलं तरी “आता बघा, आता बघा” म्हणू नका. ‘कट्यार’ लावायचा असेल तर जेवणं सातलाच उरकून घ्या, आणि रिमोट अशा माणसाच्या हाती द्या जो वन्समोअर म्हटलं की गाणं मागे नेईल.